सहावा नट

विहाराला आमच्याकडे वाट म्हणतात.
दोन पावसाळे मी तिथे होतो,
डोकं भादरलेलं, अंगावर केशरी चीवर.
मग बाप गेला, आणि वाट सोडून
मी रस्त्यावर आलो.
बात्तांबांगच्या जुन्या पुलाअलीकडे
चिंचेखाली पंक्चर काढतो.

म्हातारे भन्ते म्हणायचे, थोउन, श्वास मोज.
एक ते दहा. मधेच मन उठून गेलं
तर त्याच्यावर डाफरू नकोस,
पुन्हा एकपासून.
दोन पावसाळ्यांत दहा काही आले नाहीत.
चारवर आई आठवायची, पाचवर भूक.
एकदा सातवर पोचलो
तर सातवर पोचल्याचाच इतका आनंद झाला
की तिथेच सगळं सांडलं.

आता टायरातून ट्यूब ओढतो,
हवा भरतो, घमेल्यातल्या पाण्यात दाबून
बघत बसतो.
कुन्थिया हसते, म्हणते, बसले ध्यानाला.
ट्यूब थोडी थोडी फिरवायची असते.
घाई केली की पाणी हलतं
आणि हललेल्या पाण्यात
जिकडेतिकडे भोकंच दिसतात.
हात थांबला की एकच बुडबुडा,
टाचणीच्या डोक्याएवढा,
पुन्हा पुन्हा त्याच जागेवरून.

काल भर दुपारी गिरणीवाल्याचा विराक आला.
पिकअपमध्ये तांदळाची पोती, मागचं चाक बसलेलं.
फोनवर बोलता बोलताच म्हणाला, लवकर.
मी म्हटलं, मागच्या खेपेचे राहिलेत.
फोन कानाला तसाच धरून
त्यानं पायानं माझं घमेलं लोटलं.

पाणी धुळीत गेलं.
माझ्या हातात चाकाचा पाना होता,
दीड हात लांब, लोखंडी.

मोजायला लागलो. एक, नट आवळला.
दोन.
तीनवर त्याचा बूट आठवला, पुन्हा एक.
बघणाऱ्याला वाटलं असतं, काय शांत गडी आहे!
आत मी त्याला पाण्यात दाबून
ट्यूबसारखा
सावकाश फिरवत होतो.

तो गेला. पैसे अर्थातच नाहीत.
घमेलं सरळ केलं, पाणी भरलं,
दुसऱ्या कुणाची ट्यूब बुडवली.
पाणी निवळलं, आणि वर आलं ते हे:
नट सहा. आवळले पाच.
सहावा बोटांनी फिरवून
तसाच.

विसरलो?
की सोडला?
हे अजून विचारतो आहे
आणि उत्तर देताना
स्वतःच्या डोळ्याला डोळा देत नाही.

कुन्थियाची स्कूटर काढली.
एका पायात चप्पल, दुसरी शोधायला वेळ नव्हता.
पूल, बाजार, वजनकाट्यापाशी रांग,
रांगेत चौथी ती पिकअप.
चाकाशी उकिडवा बसलो.
आता काय, पैसे? विराक खिडकीतून म्हणाला.
नाही. एक राहिला होता.
कोण?
नट.
त्यानं फोन या कानावरून त्या कानावर घेतला.
बस, एवढंच.

परतताना स्कूटरवरच मोजत आलो.
एक, दोन, तीन,
ट्रकनं हॉर्न मारला तरी चार,
पाच,
सहा.
सातवर कुणाच्या तरी घरात प्राहोक परतत होतं
आणि पोटात कावळे ओरडले.
बरं, भन्ते. पुन्हा एक.

रात्री वहीत लिहिलं:
विराक, चाकं दोन, बाकी.
कुन्थिया दिव्याखाली वाकून बघत होती.
म्हणाली, मला वाटलं, आज माफ करशील.
म्हटलं, मैत्री वेगळी, उधारी वेगळी.

सहाव्या नटाचं मात्र
काही लावलं नाही.